गोधडीची ओटी

शांते, काल तुझा तेरावा झाला. लापशी केली होती. तुला लापशी आवडत नाही हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही आणि मीही सांगितलं नाही. म्हटलं, खाऊ देत लोकांना, खाणारी तू थोडीच आहेस. अण्णा दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला "बसा, बसा" म्हणत होते आणि लोक उभेच राहत होते, कारण बसायला जागाच नव्हती. नवरा म्हणून तुला त्यांनी जन्मभर एवढंच सांगितलं असेल, "बस जरा." तू काही बसली नाहीस.

मी थकले आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण तू होतीस तेव्हा हे बोलायची सोय नव्हती. कुणी थकलो म्हटलं की तू त्याच्यापुढे सूप सरकवायचीस, "मग बसल्या बसल्या एवढं निवड." आता मी वरच्या खोलीत, आपल्या महिला मंडळाच्या सतरंजीवर, बसले आहे आणि निवडायला पुढ्यात काही नाही. खाली दुकान बंद आहे. बाजारात नेहमीची गडबड चालू आहे आणि मला तिचा राग येतो आहे.

इथल्या वर्तमानपत्रातून एक गृहस्थ आले होते. तुझं जन्मगाव, शिक्षण, मंडळातली पदं असं सगळं विचारत होते. मी सांगितलं. ते छापतील, सोबत तुझा तो नथ घातलेला फोटो छापतील, ज्यात तू फोटोग्राफरवर चिडलेली दिसतेस. ते त्यांचं काम झालं. हे मी तुला लिहिते आहे, कारण आपल्यातलं एक भांडण मिटायचं राहिलं होतं आणि ते तसंच ठेवून तू निघून गेलीस. असं करतात का?

आपली सुरुवातच भांडणानं झाली होती, आठवतं? फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आपल्या जिल्ह्यात आणून ठेवली होती, लष्कराच्या जुन्या बराकींत. तू तिसगावहून लग्न होऊन नुकती नगरला आलेली, मी शाळेत नुकती लागलेली. ओळख होती ती नळावरची. तू बायका जमवल्यास, टोपल्या भरून बाजरीच्या भाकऱ्या केल्यास, वर लसणाचा ठेचा, आणि आपण बराकींवर गेलो. त्या बायकांनी पहिला घास तोंडात घातला आणि पाण्याकडे धावल्या. तू म्हणालीस, "तिखट लागलं वाटतं." मी म्हणाले, "वाटतं? अगं, विचारायचं तरी आधी, काय खातात ते!" तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "उपाश्याला विचारत बसू का, काय खाशील म्हणून?"

तेवढ्यावरून आपण परत येईपर्यंत वाद घातला. दुसऱ्या दिवशी तू माझ्या दारात उभी. गव्हाचं पीठ घेऊन आली होतीस आणि ठेचा नव्हता. "चल," म्हणालीस. माझं ऐकलंस हे मात्र तोंडानं म्हणाली नाहीस. तीच तुझी रीत पुढे कायम राहिली. आपलं मंडळ त्या पिठातून निघालं असं मी मुलींना वर्गात सांगते. खरं म्हणजे ते त्या भांडणातून निघालं.

नंतर चीनची लढाई आली आणि अख्ख्या नगरच्या बायका मांडीवर लोकर घेऊन बसल्या. निम्म्या जणींनी आयुष्यात सुई धरली होती ती गोधडी शिवायची. एका स्वेटरच्या बाह्या गुडघ्यापर्यंत आलेल्या. मी म्हटलं, "शांते, हा जवानाचा आहे की वानराचा?" तू हसलीस, पण बाह्या उसवू दिल्या नाहीस. "थंडीत बोटं झाकतील त्याची." माणसानं दिलेल्या वस्तूतला एक टाकाही उसवायचा नाही, हा तुझा हट्ट. दिलेलं आहे ते आहे तसं पोचलं पाहिजे. मी म्हणायची, आपण काय टपालखातं आहोत का? तू म्हणायचीस, हो, तेच आहोत.

मग एकाहत्तर साल उजाडलं. पूर्व बंगालमधून माणसं सरहद्द ओलांडून यायला लागली. रेडिओवर रोज ऐकायचो. आपल्या खोलीत बायका जमायच्या आणि ऐकता ऐकता कुणीतरी डोळ्याला पदर लावायचं. तू पुढच्याच आठवड्यात गावोगाव हिंडायला निघालीस. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या डोंगराकडच्या लोकांनी तांदूळ दिला. पुढं कळलं की आपण नेलं त्यातलं सर्वांत शहाणपणाचं तेच होतं, आणि त्यात आपलं कर्तृत्व काही नव्हतं, त्यांच्याकडे तांदूळच पिकतो. काष्टीच्या बाजारात तू एका बैलगाडीवर उभी राहून ओरडलीस आणि लोकांनी धोतरं, लुगडी, भांडी आणून टाकली. तिसगावनं गोधड्या दिल्या.

त्या गोधड्यांवरून पुढचं सगळं घडलं. तुझ्या माहेरच्या बायकांची पद्धत मला त्याआधी माहीत नव्हती. तुमच्याकडे गोधडी घरात वापरायची असली तर नुसती शिवतात. पण ती दुसऱ्या कुणाला द्यायची असली, घराबाहेर जायची असली, तर शेवटचा कोपरा शिवायच्या आधी त्यात मूठभर बाजरी घालतात आणि मग टाका घालून कोपरा बंद करतात. लेक सासरी निघाली की तिची ओटी भरतात, तशी गोधडीची ओटी. तुझ्या आळीतल्या द्वारकाबाई त्या कामात सगळ्यांच्या पुढे. अख्खी आळी त्यांच्या ओसरीवर शिवायला बसली होती. मी एका गोधडीचा कोपरा चाचपला, आत दाणे हाताला लागले, आणि म्हटलं, "हे कशाला? वाटेत पाऊस आहे, कुजेल हे." द्वारकाबाईंनी सुई थांबवली.

"बाई, रिकामी गोधडी घराभाइर घालू व्हय मी? लेकीवानी हाय ती."

तुझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी गप्प बसले. पण नगरला आल्यावर याच खोलीत मी पुन्हा विषय काढला. म्हटलं, गठ्ठे बांधायच्या आधी कोपरे उसवून दाणे काढून घेऊ, बंगालमध्ये नुसता पाऊस आहे. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी जणू तुझ्या आईच्या गळ्यातलं काढायला निघाले आहे. "ओटी काढून घेतात का गं कुणी?" म्हणालीस. मग तुझ्या अंगात तिसगाव आलं, "न्हाई म्हंजी न्हाई." गठ्ठे तसेच बांधले गेले आणि ते घेऊन आपण दोघी बंगालच्या सरहद्दीवरच्या छावणीत पोचलो.

छावणीबद्दल मी कधी कुणाजवळ फार बोलले नाही आणि आताही लिहवत नाही. चिखल, त्यावर ताडपत्र्या, त्याखाली माणसं. पावसाला थांबायचं माहीत नव्हतं. पटकीचे रोगी एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला, आणि मधली वाट रोज पाण्यात. आपण दोघी शाळामास्तरीण आणि दुकानदारीण, आपल्याला त्यांची भाषा येत नव्हती, आणि तरी दुसऱ्याच दिवसापासून सगळी छावणी तुला ओळखायला लागली, कारण तू मराठीतच ओरडायचीस आणि लोक बरोबर रांगेत उभे राहायचे. एवढं मात्र मी नेहमी मान्य करीन.

गोधड्या वाटल्या तेव्हा किती आनंद झाला होता तुला! लुगड्यांचे ते हिरवे-तांबडे तुकडे त्या करड्या चिखलात उठून दिसत होते. खुलन्याकडची एक म्हातारी होती, तिनं गोधडी अंगाला लपेटली आणि कोपरा चाचपून तुझ्याकडे बघितलं, हे काय म्हणून. तू घासाची खूण करून दाखवलीस. तिनं टाका जरासा उसवून दाणा बाहेर काढला, दातांखाली धरला आणि मान हलवली. भात खाणारी माणसं ती, त्यांनी बाजरी जन्मात पाहिली नव्हती. ती हसली, आणि तूही हसलीस. काही दिवसांनी ओल्या गोधड्यांच्या टाक्यांमधून हिरवे कोंब डोकावले. पोरं ते उपटून एकमेकांना दाखवत होती. "बघ," तू मला म्हणालीस, "कुजली नाही, रुजली." 

मग उंदीर आले. त्यांना दाण्याचा वास लागला होता. आधी कोपरे कुरतडलेले दिसायला लागले. तू म्हणालीस, छावणीत उंदीर असायचेच. आणि मग एका सकाळी एक तरुण आई तान्ह्या मुलीला घेऊन दवाखान्याच्या तंबूत आली. मुलीच्या पायाचा अंगठा उंदरानं कुरतडला होता. गोधडीच्या कोपऱ्यातच पाय होता तिचा. तिथल्या डॉक्टरांनी कोपरा फाडला, हातावर बाजरी ओतली आणि हिंदीत विचारलं, हा शहाणपणा कुणाचा? आपण दोघी तिथेच उभ्या होतो. तू पुढे झालीस आणि म्हणालीस, "माझा."

माझा नाही, आमच्या गावाचा, असंही म्हणू शकली असतीस. नाही म्हणालीस. त्या एका शब्दासाठी मी तुझे सगळे हट्ट माफ केले असते, शांते, जर तू पुढे तसं वागली नसतीस तर. पण ते पुढचं.

त्या दिवशी तू कात्री घेऊन निघालीस. जन्मभर एक टाका उसवू न देणारी बाई ताडपत्री-ताडपत्रीखाली वाकून गोधड्या मागत होती. आणि लोकांना वाटलं, दिलेलं परत न्यायला आली. कात्री बघून तर जास्तच वाटलं. बायकांनी गोधड्या छातीशी धरल्या. "ना, ना," म्हणायला लागल्या. तीच म्हातारी, खुलन्याची, तिनं गोधडीवर बसून घेतलं आणि तोंड फिरवलं. ज्यांचं सगळं गेलं होतं त्यांच्या हातातली चिंधी आपण ओढत होतो. तुला ओरडायचंही सुचेना. तू तिथेच चिखलात बसलीस.

मग ती तरुण आई आली, मुलीला दुसऱ्या बाईकडे देऊन आली होती. तिनं आपली गोधडी तुझ्या मांडीवर टाकली. तू कोपरा उसवलास, दाणे ओंजळीत घेतलेस, सगळ्यांना दाखवलेस आणि लांब फेकलेस, आणि कोपरा पुन्हा शिवून गोधडी तिच्या हातात परत दिलीस. तेव्हा लोकांना समजलं. एकेक गोधडी यायला लागली. ती आई तुझ्या शेजारी बसून दातांनी टाके तोडत होती. म्हातारीनं सर्वांत शेवटी दिली. मी दोरा ओवून देत होते आणि तू शिवत होतीस. छावणीबाहेर त्या दाण्यांवर चिमण्या, कावळे उतरले होते. मुलगी वाचली. निदान आपण निघालो तेव्हा ती अंगावर पीत होती आणि ताप उतरला होता. पुढचं आपल्याला कधीच कळलं नाही.

भांडण झालं ते परतीच्या गाडीत. खिडकीबाहेर बघत तू म्हणालीस, "नलू, हे गावात सांगायचं नाही."

"का?"

"देणाऱ्याचा हात आखडतो. आपण दिलेल्यानं लेकराचा पाय गेला असता असं कळलं, तर द्वारकाबाई पुन्हा सुई हातात धरेल का?"

"आणि सांगितलं नाही तर ती पुन्हा तेच घालून देईल. मग?"

"मग मी बघीन."

"तू काय बघशील? त्या बायका काय लहान मुली आहेत? त्यांनी काय दिलं आणि त्याचं काय झालं, हे कळायचा हक्क आहे त्यांना."

"हक्क, हक्क! तुझ्या शाळेत ठेव तो. त्यांनी आपलं शेवटचं धड लुगडं फाडलंय."

शेजारच्या बाकावरचा एक माणूस जागा होऊन आपल्याकडे टकमका बघत होता. तू त्यालाही झापलंस. मग मनमाडपर्यंत आपण आपापल्या खिडकीतून बाहेर बघत बसलो.

काष्टीला आपला सत्कार झाला तो त्यानंतर. तू भाषणाला उभी राहिलीस. "तुमची गोधडी शेवटच्या चिंधीपर्यंत कामाला आली," म्हणालीस. टाळ्या पडल्या. खोटं नव्हतं त्यात काही, तू खोटं बोलत नसायचीस. पण पुढच्या रांगेत तिसगावच्या बायका बसल्या होत्या, द्वारकाबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, आणि मला वाटलं, यांना फसवतो आहोत आपण. मी हार गळ्यातून काढून खुर्चीवर ठेवला आणि एसटी स्टँडवर जाऊन बसले. तू मागून आलीस. शेजारी बसलीस.  त्यानंतर आपलं जे बोलणं झालं ते फक्त कामाचं झालं. गठ्ठे आले का, किल्ली कुठे आहे, उद्या किती वाजता निघायचं. माणसं म्हणत होती, शांताबाई आणि नलिनीबाई किती समजूतदार झाल्या, आता भांडत नाहीत. त्यांना काय माहीत!

लढाई झाली, संपली, तिकडची माणसं आपल्या मुलखात परत गेली. आणि आपल्याकडे पाऊसच झाला नाही. बंगालमध्ये ज्या पावसाला आपण शिव्या दिल्या तो इकडे फिरकलाच नाही. मग दुष्काळी कामं निघाली, पाथर्डीकडची सगळी माणसं रस्त्यावर खडी फोडायला बसली, आणि आपलं मंडळ पाणी आणि खायला सुकडी घेऊन त्यांच्यामागे. ज्या गावांनी निर्वासितांना दिलं तीच गावं आता हात पसरून बसली होती. या वर्षात मी जेवढी थकले तेवढी छावणीतही थकले नव्हते. तिथून निदान घरी परत येता येत होतं.

रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी आली तो दिवस विसरणार नाही. खडीवरच्या एका बाईनं दाणे हातात घेतले, चोळले, वास घेतला आणि आपल्यापुढे धरले. "ह्यो कसला दाना म्हनायचा, बाई? आमची जनावरं बी तोंड लावायची न्हाईत याला." तू माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे. खुलन्याची ती म्हातारी दोघींनाही आठवली होती, दातांखाली बाजरी धरून मान हलवणारी. तेव्हा बोलायला हवं होतं. तू ओठ उघडलेसही. मग टँकर आला, बायका हंडे घेऊन पळाल्या आणि तू त्यांच्यामागे ओरडत गेलीस. नंतर कितीदा मनात आलं, त्या दिवशी टँकर जरा उशिरा आला असता तर काय बिघडलं असतं.

त्याही वर्षात तिसगावच्या गोधड्या आल्या. इतकी टंचाई असताना बायकांनी कामावरच्या परगावच्या कुटुंबांसाठी त्या शिवल्या होत्या. मी सवयीनं कोपरे चाचपले. रिकामे होते. मी मनात म्हटलं, ओटीला घालायला मूठभर दाणा उरला नाही, अशी वेळ आली यांच्यावर. आणि खरं सांगते, त्यातही थोडं बरं वाटलं की चला, आपोआप बंद झालं, आता सांगायची गरज नाही. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

तुला कावीळ झाली ती कामावरचं पाणी पिऊन. सगळ्यांना उकळून प्या म्हणून सांगणारी तू स्वतः मात्र हंड्यातलं तसंच प्यायचीस, का तर त्या बायका पितात म्हणून. मी चिडले होते तुझ्यावर. सिव्हिल हॉस्पिटलात तुझे पिवळे डोळे बघितले तेव्हा तर तो राग आणखीच वाढला. रोज शाळा सुटली की यायचे आणि तुझ्या कॉटशेजारी बसायचे. तू वाट बघत होतीस मी बोलीन म्हणून, मी वाट बघत होते तू बोलशील म्हणून. आपण दोघी मिळून मोसंबी सोलत बसलो. शेवटच्या आठवड्यात द्वारकाबाईंनी नवी गोधडी पाठवली. तुझ्या अंगावर ती मीच घातली आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "बघ गं, तुझ्या माहेरची गोधडी, आणि कोपरा रिकामा. दुष्काळानं ओटीसुद्धा खाल्ली." तू एकदम भिंतीकडे तोंड फिरवलंस. तुझे खांदे हलायला लागले. मला वाटलं, हे मी काय बोलून बसले. तुझ्या पाठीवर हात ठेवून मी कितीतरी वेळ म्हणत राहिले, "रडू नको गं, रडू नको."

आता कालचं सांगते.

पंगती उठल्यावर द्वारकाबाई जिना चढून वर आल्या. गुडघे धरून, एकेका पायरीवर थांबत. इथेच सतरंजीवर बसल्या. कोपऱ्यात तुझ्या गोधड्यांचा गठ्ठा होता, त्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "औंदा पाऊस झाला की आमी पुन्यांदा शिवायला बसनार हाय. शांतीच्या नावानं. लांब लांब पाठवा तुमी."

 पाऊस होईल, बाजरी पिकेल, मुठी भरतील आणि कोपरे पुन्हा भरले जातील. कुठल्या तरी छावणीत कुठल्या तरी बाळाचा पाय. तू म्हणाली होतीस, मग मी बघीन. आता कोण बघणार होतं? तुझा तेराव्याचा दिवस, खाली तुझा फोटो, त्याला हार, आणि मी तुझा शब्द मोडायला बसले. मनात तुला म्हटलं, रागावायचं तर रागाव. आणि द्वारकाबाईंना सगळं सांगितलं. कोंब, उंदीर, ती मुलगी, डॉक्टर, तुझी कात्री, म्हातारीनं फिरवलेलं तोंड. मध्येच मला रडू कोसळलं, तरी थांबले नाही. द्वारकाबाई गठ्ठ्यावरून हात फिरवत शांतपणे ऐकत होत्या.

"झालं का सांगून?" त्या म्हणाल्या. "पानी प्या. मला ठावं हाय ते समदं."

"कसं?"

"शांती येऊन सांगून गेलती. मागल्या नव्हं, त्याच्या मागल्या संक्रांतीला. आमाला वाटलं, माहेराला तिळगूळ घिऊन आली. दारोदार फिरली. हातावर तिळगूळ ठेवायची न् उंदराचं सांगायची. प्रत्येकीला येगळं सांगितलं, कुनाला सोडलं न्हाई."

मी मग विचारलं, "आणि तुम्ही? हात आखडला नाही कुणाचा?"

"रडलो. आन भांडलो बी तिच्याशी. म्हनलं, परत आलीस तवाच का न्हाई सांगितलं? लई ऐकून घेतलं तिनं, मान खाली घालून. पर हात कशापायी आखडंल, बाई? गोधड्या आल्याच की औंदा बी. कोपऱ्यात घालायचं तेवढं सोडलं. आता ओटी घेनारीच्या पदरात भरायची, असं ठरीवलंय."

"म्हणजे ते कोपरे... मला वाटलं, दुष्काळ."

"दुष्काळ तर हुताच की," द्वारकाबाई म्हणाल्या. "पर मूठभर दानं कुठूनबी निगालं असतं."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं तिनं? एवढं वर्ष मी तिच्याशी धड बोलले नाही. द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, रडता रडता.

"तिनंच घातली हुती शपत. म्हनली, नलूला कळू देऊ नका. तिचं खरं झालं म्हनून जलमभर टोचून खाईल मला."

टोचलं असतं गं. नक्की टोचलं असतं. रोज सकाळी या खोलीचं कुलूप काढताना तुला ऐकवलं असतं, एसटीची वाट बघताना, टँकरमागे धावताना, मोसंबी सोलताना. तू गव्हाचं पीठ घेऊन दारात उभी राहिली होतीस तेव्हा मी ओळखलं होतं, आणि या वेळी ओळखता आलं नाही. तुझं पीठ या वेळी तिसगावच्या दारोदार गेलं होतं आणि माझ्या दारात आलंच नाही.

द्वारकाबाई गेल्या. त्यांना एसटी गाठायची होती. मी एकटीच बसून राहिले आणि हॉस्पिटलातली ती संध्याकाळ पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणली. तुझी भिंतीकडे फिरवलेली मान, गोधडीखाली हलणारे खांदे, आणि पाठीवर हात ठेवून तुझी समजूत काढणारी मी, शहाणी.

शांते, तू रडत नव्हतीस. हसत होतीस.